मदत हवी आहे: टोकियोत भाषाशाळा सांभाळून पार्ट-टाइम काम

नमस्कार मंडळी, टोकियोत जपानी भाषाशाळेच्या पहिल्या वर्षाला आहे. कामाचा परवाना मिळालाय, रेसिडेन्स कार्डामागे शिक्काही आहे. म्हणजे आठवड्याला 28 तास, मोठ्या सुट्टीत रोज 8. अडतंय भाषेपाशी. जपानी भाषेच्या परीक्षेची एन-4 पातळी झालीय, पण कोनबिनीच्या (चोवीस तास चालणाऱ्या छोट्या दुकानाच्या) मुलाखतीत गिऱ्हाइकाशी बोलायची आदरार्थी जपानी सुरू झाली की मी अडखळते. बेंतोच्या (जेवणाच्या तयार डब्यांच्या) कारखान्यात रात्रपाळी मिळतेय. पण सकाळी वर्ग असतो, आणि हजेरी घसरली तर व्हिसा वाढवताना अडचण येते. ती जोखीम मला अजिबात नको.

निशी-कासाईच्या आसपास हॉटेलच्या खोल्या आवरायचं दुपारचं काम कुणी केलंय का? तिथे बोलणं कितपत लागतं? दोन ठिकाणचे तास एकत्रच धरतात, म्हणून एकच नीट काम हवंय. ताई-दादांनो, कृपया सांगा.