घाट, पाऊस आणि बॅटरी

‘खंडाळ्याचा घाट चढला की इलेक्ट्रिक गाडीची निम्मी बॅटरी संपते’ हे काही पटलं नाही. हिशोबच करू ना. खोपोली ते लोणावळा चढ साधारण साडेपाचशे मीटरचा. माणसांसकट १७०० किलोची गाडी तेवढी वर न्यायला, सपाट रस्त्यावरच्या खपाच्या वर, अडीच युनिट वीज लागते. वाया जाणारी धरून तीन म्हणा. बॅटरी ३० युनिटची असली तर झाले दहा टक्के. आणि उतरताना मोटारच जनित्र होते, त्यातली बरीच वीज परत मिळते. पेट्रोलच्या गाडीची टाकी उतारावर भरलेली अजून तरी कुणी पाहिली नाही! रेंज, म्हणजे एका चार्जिंगमध्ये गाडी जाते ते अंतर, खातो तो वेग. एक्सप्रेसवेवर गाडी शंभरने हाणायची आणि बोल मात्र घाटाला.

पावसात शॉक बसण्याचं म्हणाल, तर बहुतेक बॅटऱ्या आयपी ६७ दर्जाच्या असतात. म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास तग धरतील इतक्या बंदिस्त. अर्थात म्हणून तुंबलेल्या सबवेत गाडी घालू नका, तिथे कुठलीच गाडी घालू नये.