मदत हवी आहे: रूममेटशी लेखी करार करावा का?

घणसोलीत आम्ही तिघी वन बीएचकेत राहतो. २०१५ मध्ये ‘दिल दोस्ती दुनियादारी’ ही मालिका बघताना वाटायचं, आपलंही असंच माजघर होणार. सहा जण, एक फ्लॅट, नुसती धमाल! प्रत्यक्षात काल रात्री अकरा वाजता मी करपलेल्या दुधाचं पातेलं घासत होते. दूध माझं, चहा दुसरीचा.

‘द बिग बँग थिअरी’ या इंग्रजी मालिकेतला शेल्डनचा रूममेट करार तेव्हा विनोद वाटला होता. आता तोच पटतोय (सोफ्यावरची ठरलेली जागा सोडून). लाइटबिल, मावशींचा पगार सुरळीत आहे, गाडी अडते ती भांड्यांवर. कुणी असे नियम लिहून काढलेत का? नेमकं काय लिहिलंत? आणि नंतर बोलणं चालू राहिलं का? तिसरी म्हणतेय, कागद काढलास तर मी चालले कोपरखैरण्याला.