आर्मेनियातील घरगुती वायनरींवरून नाशिकच्या बागाईतदाराने काय घ्यावे?

दिंडोरीकर
नमस्कार. आमच्या आजोबांच्या काळी बागेत भोकरी ही खायची द्राक्षे होती, वडिलांनी थॉमसन ही खायचीच जात लावली आणि आता त्यातल्या दोन एकरांवर शिराझ ही वाइनची जात असून तिचा सगळा माल करारावर जातो. घरचीच छोटी वायनरी काढावी, असा माझा आणि बहिणीचा विचार चालू आहे. आर्मेनियाच्या वायोत्स झोर भागात परदेशी वाढलेली काही आर्मेनियन माणसे पूर्वजांच्या भूमीत परतून वाइन करू लागली आहेत. इटलीत फॅशनच्या व्यवसायात असलेले झोरिक घारिबियान यांची झोराह ही त्यांतली नावाजलेली वायनरी. अरेनी जातीची काळी द्राक्षे ते 'कारास' म्हणजे मातीच्या मोठ्या रांजणांत मुरवतात आणि त्यांचा पहिला हंगाम 2010 चा आहे. रांजण पुरून वाइन करणे आपल्याकडे जमेल का? आणि वारसा म्हणून आम्ही ग्राहकापुढे नेमके काय ठेवावे?

विंचूरचा वाइनमेकर
रांजण जमेल, पण तेथील हिशेब येथे लावू नका. वायोत्स झोरच्या बागा समुद्रसपाटीपासून हजार मीटरच्या वर आहेत, त्यामुळे पुरलेल्या रांजणाला तेथील जमीनच थंड ठेवते. आपल्याकडे निफाडचा पारा जानेवारीत कितीही उतरला, तरी एप्रिल-मे महिन्यांत वाइन मुरत असताना जमिनीचा तसा आधार मिळत नाही. रांजण शीतखोलीतच ठेवावे लागतील. आतून मेणाचा हात द्यावा लागतो, नाहीतर माती वाइन पिते आणि हवाही आत शिरते.

मुख्य फरक वेलीत आहे. आर्मेनियात हिवाळ्यात वेल झोपते. अरारात खोऱ्यात तर कडक थंडीपासून वाचवण्यासाठी ती मातीखाली दाबतात. आपली वेल झोपतच नाही, म्हणून एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी अशा दोन छाटण्या आपण करतो. अरेनी उशिरा, थंडी पडू लागताना पिकते, म्हणून तिची आंबटी टिकते. आपली शिराझ वाढत्या उन्हाच्या तोंडावर पिकते. साखर चढण्याची वाट पाहत बसलात तर आंबटी हातची जाते. काढणी पहाटेच करा आणि साखरेइतकेच लक्ष सामूकडे (pH) ठेवा.

ओझरची बागाईतदार
दादा, वारशाबद्दल मनापासून लिहिते. अरेनी गावाजवळच्या गुहेत सुमारे 6,100 वर्षांपूर्वीची वाइन करण्याची जागा सापडली: द्राक्षे तुडवण्याचा उथळ कुंड, रस उतरण्यासाठी जमिनीत बसवलेले भांडे आणि द्राक्षांच्या बिया. पण परतलेल्या त्या आर्मेनियन माणसांचा वारशाचा दावा केवळ गुहेवर उभा नाही. सोव्हिएत काळात आर्मेनियाच्या वाट्याला मुख्यतः ब्रँडी आली. तरीही गावातल्या घरांनी वाइन करणे सोडले नाही, ती रस्त्याकडेला कोकच्या जुन्या बाटल्यांत भरून विकली, आणि अरेनीची वेल टिकवली. परतलेल्यांना ही जिवंत वेल मिळाली, म्हणून त्यांच्या सांगण्याला वजन आहे.

आपल्याकडे वाइनची तशी परंपरा नाही, आणि ती होती असे लेबलवर भासवू नये. आपली परंपरा खायच्या द्राक्षांची आहे. 1925 मध्ये ओझरला रावसाहेब जयराम कृष्ण गायकवाड यांनी द्राक्षबाग लावली, तेथून जिल्ह्यात द्राक्षे पसरली. भोकरी, फकडी, पांढरी साहेबी ही नावे जुन्या लोकांच्या तोंडी अजून आहेत. डावणी-भुरी या वेलीच्या रोगांशी झुंजत, अवकाळीत मणी तडकलेले पाहूनही आजोबांनी बाग मोडली नाही, ही तुमची खरी मिळकत आहे. तीच सांगा. कारास वापरायचाच असेल तर तो आर्मेनियाकडून शिकलो, असे मोकळेपणाने लिहा.

दिंडोरीकर
दोघांचेही आभार. ताई, लेबलचा मुद्दा पटला. आजोबांच्या नोंदवहीत छाटणीच्या तारखा आणि फवारण्या आहेत, त्यांवरूनच मजकूर करू. परवान्याचे काम राज्य उत्पादन शुल्क विभागाकडे सुरू करण्याआधी, आमची थोडी शिराझ एखाद्या परवानाधारक वायनरीत स्टीलच्या टाकीत आणि रांजणात वेगवेगळी मुरवून पाहावी, असे ठरवतो आहोत. विंचूर भागात इतका लहान माल कोण घेईल?

विंचूरचा वाइनमेकर
काही लहान वायनरी घेतात, मात्र काढणीच्या गर्दीत नाही. फळछाटणी झाली की लगेच बोलून ठेवा आणि रांजण आधी महिनाभर पाण्याने भरून झिरपतो का ते तपासा.