चेहरा नसलेल्या चित्राला ‘व्यक्तिचित्र’ म्हणावं का?

बालगंधर्व कलादालनात आमच्या गटाचं प्रदर्शन आहे. माझं एक चित्र आहे, तीन बाय चार फूट, कॅनव्हासवर ॲक्रिलिक. विटकरी रंगाचे चढत गेलेले थर, त्यावर सुरीने खरवडलेल्या पांढऱ्या रेघा, उजव्या कोपऱ्यात शाईसारखा निळा डाग. हे माझ्या मैत्रिणीचं चित्र. ती रोज पहाटे पर्वती चढते आणि संध्याकाळी रात्रशाळेत गणित शिकवते; बोटांवर कायम खडू आणि शाई. खालच्या चिठ्ठीवर मी ‘अमूर्त व्यक्तिचित्र’ लिहिलं. ती वाचून म्हणाली, “अगं, मी चांगली हाडामांसाची आहे की! अमूर्त कशी?” तेव्हापासून मलाही तो शब्द खटकतोय. दुसरा सुचवाल का?

---

‘प्रतीकचित्र’ कसा वाटतो? ‘तसबीर’ मात्र नको. तो शब्द ऐकला की आधी हार दिसतो.

---

‘प्रतीक’ मला पटत नाही. प्रतीकाचा अर्थ चारचौघांना ठाऊक असतो. तुमचा निळा डाग तुम्हा दोघींनाच कळतो, म्हणून ती ‘खूण’ आहे. खूण सांगावी लागत नाही, ती पटते.

मैत्रिणीचा आक्षेप मला रास्त वाटतो. ‘मूर्त’ म्हणजे घट्ट झालेलं, आकाराला आलेलं. ‘मूर्ती’ त्याच धातूपासून. ‘अमूर्त’ म्हटलं की त्या माणसाचा आकारच काढून घेतल्यासारखं होतं. इंग्रजीतल्या ‘ॲब्स्ट्रॅक्ट’चा मूळ लॅटिन अर्थ ‘ओढून बाहेर काढलेलं’ असा आहे, आपण अर्क काढतो तसं. ती छटा ‘अमूर्त’मध्ये उतरलीच नाही. कलासमीक्षेत ‘अप्रतिरूप’ असाही शब्द आहे. तो फक्त हुबेहूबपणा नाकारतो, माणसाला नाही. चित्रकार वासुदेव गायतोंडेंनाही आपल्या चित्रांना ‘ॲब्स्ट्रॅक्ट’ म्हटलेलं आवडत नसे. ‘नॉन-ऑब्जेक्टिव्ह’, म्हणजे कुठल्याही वस्तूचं चित्रण नसलेलं, असं म्हणा, हा त्यांचा आग्रह असे.

‘व्यक्तिचित्र’ मात्र सोडू नका. ‘व्यक्ती’चा संस्कृतातला पहिला अर्थ माणूस नव्हेच, तो ‘प्रकट होणं’. ‘व्यक्त’, ‘अभिव्यक्ती’ ही त्याच घरातली. जे प्रकट झालं त्याचं चित्र ते व्यक्तिचित्र. त्यात नाक-डोळे असलेच पाहिजेत, असं शब्द कुठे म्हणतो?

मार्सडन हार्टली या अमेरिकन चित्रकाराचा जर्मन मित्र पहिल्या महायुद्धात मारला गेला. 1914 साली हार्टलीने त्या मित्राचं चित्र केलं. त्यात चेहरा नाही. लष्करी पदक आहे, झेंड्यांचे पट्टे आहेत, मित्राच्या नावाची आद्याक्षरं आहेत आणि 24 हा आकडा, म्हणजे त्याचं वय. तरी नावात ‘पोर्ट्रेट’ आहेच. ते चित्र आठवलं की मला अजून गलबलून येतं.

---

बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात आरशातल्या प्रतिबिंबासारख्या चित्राला ‘विद्ध’ म्हटलंय आणि ‘भावचित्र’ वेगळं काढलंय. म्हणजे ही वाटणी आपल्याकडे जुनीच.

---

सगळ्यांचे मनापासून आभार. ‘भावचित्र’ गोड आहे, पण आज तो शब्द फोटोंना आणि कवितांनाही लावतात. चिठ्ठी बदलली. आता फक्त ‘व्यक्तिचित्र’ आणि खाली तिचं नाव. तिला फोनवर वाचून दाखवलं, तर म्हणाली, “हां, आता मी आहे.”

---

छापताना ‘व्यक्ति’ ऱ्हस्व ठेवा. तत्सम शब्द समासात आधी आला की मूळचा ऱ्हस्वच राहतो.