सल्ला हवाय: क्लाइंबिंगसाठी सॅक, ३५ लिटर की ७०?

मुलुंडकरीण
नमस्कार मंडळी, सॅक घ्यायचीये आणि डोकं पार भंजाळलंय. गिर्यारोहणाचा बेसिक कोर्स झालाय पण तिथे सॅक संस्थेचीच मिळते, त्यामुळे घरात फक्त ट्रेकवाली ६५ लिटरची आहे, अलंग-मदन-कुलंग, लिंगाणा सगळं तिच्यावरच. आता जूनमध्ये आम्ही चौघं मनालीला फ्रेंडशिप शिखर (५२८९ मी) करतोय, बकरथाचच्या बेस कॅम्पपर्यंत खेचरं आणि तिथून वर सगळं आपापल्या पाठीवर, पोर्टर नाही. पुढे टेक्निकल काहीतरी करायचंच आहे. परदेशी व्हिडिओवाले म्हणतात ३५ बास, आमचा एक सीनियर म्हणतो ७० च्या खाली बघूच नकोस. उंची ५ फूट १, बजेट १५ हजार, थोडं ताणेन. सांगा.

शेवटची_कसारा
३५ वाले चुकीचे नाहीत, पण ते आल्प्सबद्दल बोलतायत. तिथे रात्री डोंगरातल्या हटमध्ये गादी, ब्लँकेट, गरम जेवण, सकाळी रोप आणि थोडं सटरफटर घेऊन निघायचं. आपल्याकडे तंबू, स्टोव्ह, गॅस, मॅट, मायनसवाली स्लीपिंग बॅग सगळं आपणच वाहणार, ३५ मध्ये मावणार कुठे? आणि ७० घेतलीस तर जागा आहे म्हणून भरत जाशील, मोठी सॅक अर्धी रिकामी नेलेला माणूस मी तरी पाहिला नाहीये. ५० च्या आसपास बघ. ४४+८ असं लिहिलेलं असतं ना, तिची वरची कॉलर ओढली की जागा वाढते, म्हणजे वर चढवताना फुल्ल भरायची आणि समिटच्या दिवशी बाजूचे पट्टे आवळून चपटी करून न्यायची. पण त्याआधी सगळं सामान तुझ्या त्या ६५ मध्ये भरून बघ, वर किती जागा उरते ते कळलं की निम्मा प्रश्न तिथेच सुटतो.

भांडुपचा_भटक्या
ताई, लिटर नंतर, आधी पाठ मोजा. मान खाली घातली की मानेच्या मुळाशी जे हाड टोचतं तिथून टेप सोडायची, दोन्ही हात कमरेच्या हाडांवर ठेवून अंगठे मागे वळवायचे, अंगठ्यांच्या रेषेपर्यंत जेवढं भरेल तो तुमचा टॉर्सो. शिंप्याची टेप हवी आणि मोजायला दुसरं कोणीतरी, स्वतःचं स्वतः नीट होत नाही. उंचीवर जाऊ नका, सारख्या उंचीच्या दोघींचा टॉर्सो वेगळा निघू शकतो. फ्रेम लांब झाली की बेल्ट हाडाच्या खाली जातो आणि सगळं वजन खांद्यावर येतं, मग सॅक कितीही भारी असो.

दुकानात १२-१३ किलो भरूनच घालून बघा. रिकामी सॅक सगळ्यांनाच मस्त बसते. आणि हार्नेस (चढताना कमरेला-मांड्यांना बांधतो तो पट्टा), हेल्मेट बरोबर न्या.

मुलुंडकरीण
हार्नेस घालून दुकानात?? लोक काय म्हणतील 😄

भांडुपचा_भटक्या
म्हणू देत. ट्रेकिंग सॅकचा तो जाडजूड बेल्ट बरोब्बर हार्नेसच्या गिअर लूपवर, म्हणजे सामान अडकवायच्या कड्यांवर बसतो, मग भिंतीवर लटकताना स्क्रू-गेट (लॉकवाला कॅरॅबिनर) शोधत बसायचं. क्लाइंबिंगच्या सॅकला बेल्टचं पॅडिंग काढता येतं, नुसती पट्टी राहते, हे दुकानातच करून बघा. मग हेल्मेट घालून मान वर करा. हेल्मेट लिडवर (सॅकच्या वरच्या झाकणावर) आपटलं तर वरचा होल्ड दिसणारच नाही. लिड काढता येतं का तेही बघा. बाकी आइस अ‍ॅक्सचे दोन लूप आणि लिडखाली रोपचा पट्टा हवाच, बाजूचे जाळीचे खिसे मात्र खडकाला घासून पहिले फाटतात.

रॉक_पॅच
नावं कोणीच घेत नाहीये म्हणून मी घेतो. डॉयटर गाइड ४२+८ एसएल, एसएल म्हणजे बायकांसाठीची, पाठ आखूड, तुम्हाला हीच आधी बघायला सांगेन. ऑस्प्रे म्युटंट ५२ हलकी आहे पण साइज एस/एम घालून बघितल्याशिवाय नको. बजेटमध्येच राहायचं तर डेकॅथलॉनमध्ये सिमाँच्या सॅक बघा, दिसायला साध्या पण कामाच्या. भाव सेलप्रमाणे हलतात तेव्हा घाई नको.

जुना_माळा
सेकंडहँड मिळाली तर आतून हात फिरवून बघा हं. मुंबईच्या दमट हवेत आतलं पीयू कोटिंग (पाणी अडवणारा थर) चिकट होतं आणि मग पापुद्रे सुटतात, बाहेरून सॅक नवीकोरी दिसते. नवीन घेतली तरी ट्रेकहून आल्यावर वाळवून उघडी टांगा, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून माळ्यावर टाकू नका, पावसाळ्यानंतर उघडाल तेव्हा वासानेच कळेल.

रेन कव्हरवर पैसे घालू नका. वर वाऱ्यात ते फडफडतं नाहीतर उडून जातं. कचऱ्याची मोठी जाड पिशवी आत लावा, स्लीपिंग बॅग कोरडी राहिली म्हणजे झालं. आणि क्रॅम्पॉन (बर्फासाठी बुटाखाली लावायचे काटे) बाहेर लटकवून लोकलमध्ये चढू नका हो, पाऊचमध्ये घाला, अ‍ॅक्सच्या टोकाला रबर लावा. दादरला संध्याकाळी मागच्या माणसाच्या पोटाला काय लागेल याचा विचार करा.

मुलुंडकरीण
😂😂 बरं. टॉर्सो आईकडून मोजून घेतला, ४१ सेंमी. सामान भरून पाहिलं तर ६५ मध्ये वर चांगली वीतभर जागा उरली, रोप धरूनही. म्हणजे ५० च्या घरातलीच. गाइड एसएल बघते आधी. म्युटंट ५२ एस/एम सेंट्रल लाइनवर कोणाकडे आहे का, रविवारी येऊन घालून बघितली असती?

शेवटची_कसारा
माझ्याकडे आहे, ठाण्याला ये. रोप माझा आहे, हार्नेस आणि क्रॅम्पॉन तू आण. पाऊचमध्ये.