सही केली म्हणजे अडकलो, असं नाही

वैद्यकीय अभ्यासात भाग घेताना संमतिपत्रावर "एकदा सही केली की मधेच सोडता येत नाही" असं काहीजण म्हणतात, ते खरं नाही. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार कधीही माघार घेता येते आणि त्यामुळे आपले नेहमीचे उपचार अडवता येत नाहीत. भाग घेणाऱ्यांना फार मोठं मानधन देऊ नये, हा मुद्दा मात्र पटतो. प्रवासखर्च, बुडालेली मजुरी जरूर द्यावी, पण आमिष वाटेल इतकी रक्कम नको.

माझी आई नेरूळला ज्येष्ठांच्या झोप आणि स्मरणशक्तीवरच्या एका अभ्यासात होती. शब्दांची यादी ऐकवायची, मधे गप्पा मारायच्या आणि मग आठवतील ते शब्द विचारायचे. घरी भाजी निवडतानाही ती ते शब्द पुटपुटायची, इतकी रमली होती! संमतिपत्र आधी इंग्रजीत पुढे आलं, तिने ठामपणे मराठी प्रत मागून घेतली. आपल्याला समजेल अशा भाषेत माहिती मिळणं हा हक्कच आहे, संकोच करू नका. माहितीपत्रकात नीतिसमितीचा (भाग घेणाऱ्यांचे हक्क आणि सुरक्षितता जपली जाते ना, हे बघणाऱ्या समितीचा) संपर्क असतो, तोही बघून ठेवा. आणि औषधाची चाचणी असेल तर सीटीआरआयच्या (भारतातल्या अशा चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीच्या) संकेतस्थळावर तिची नोंद आधी शोधा. २००९ पासून ती सक्तीची आहे आणि कोणालाही फुकट पाहता येते.