कातालोनियातल्या शाळा कातालान माध्यमाच्याच राहाव्यात

आडवाट
१९८३च्या कायद्यानंतर स्पेनच्या कातालोनिया प्रांतातल्या सरकारी शाळा टप्प्याटप्प्याने कातालान माध्यमाच्या झाल्या. स्पॅनिश एका विषयापुरती उरली. डिसेंबर २०२० मध्ये तिथल्या उच्च न्यायालयाने सांगितलं, किमान २५ टक्के शिकवणं स्पॅनिशमधून हवं. म्हणजे स्पॅनिशच्या तासाशिवाय आणखी एक मुख्य विषय. २०२२ मध्ये कातालान संसदेने कायदा करून ही टक्केवारीच झुगारली. वाद अजून मिटलेला नाही.

माझं मत सरळ आहे, माध्यम बदलू नये. हुकूमशहा फ्रँकोच्या राजवटीत, १९३९ ते १९७५, ही भाषा शाळा-कचेऱ्यांतून हद्दपार होती. त्या काळात वाढलेली माणसं घरात, बाजारात अस्खलित कातालान बोलायची, पण आईला चार ओळी लिहायच्या तर स्पॅनिशमधून. भाषातज्ज्ञ पोम्पेउ फाब्राने १९१३ मध्ये कातालान लेखनाचे नियम बसवले, १९३२ मध्ये कोश दिला, आणि तिच्याच लेकरांना ती लिहिता येईना! हे शाळेनेच निस्तरलं.

आणि कातालान शाळांची मागणी कुणाची होती? बार्सिलोनाला लागून असलेल्या सांता कोलोमा दे ग्रामेनेत या कामगार वस्तीत, पोटापाण्यासाठी दक्षिणेकडून आलेल्या स्पॅनिशभाषक आईबापांनी ती लावून धरली. पोरांना कातालान आली नाही तर ती कायम उपरीच राहतील, हे त्यांना कळत होतं.

शब्दवेडी
ते आईबाप १९८३चे. आजच्या पालकांना विचारणार की नाही? कातालोनियात घरातली पहिली भाषा स्पॅनिश असलेले लोक कातालानवाल्यांपेक्षा जास्त आहेत. १९७८च्या संविधानाच्या तिसऱ्या कलमाने स्पॅनिश देशभर आणि प्रादेशिक भाषा त्या-त्या प्रांतात अधिकृत केल्या. दोन्ही अधिकृत, मग वर्गात एकच का?

२०२१ मध्ये कानेत दे मार गावात एका कुटुंबाने आपल्या पाच वर्षांच्या मुलासाठी ते २५ टक्के मागितले, तर समाजमाध्यमांवर त्या लेकराला एकटं पाडा म्हणणारे निघाले. फ्रँकोने जे केलं ते चूकच. त्याची भरपाई या मुलाने का करायची?

आडवाट
कानेतमध्ये झालं ते निंद्यच, त्याचं समर्थन नाही.

बार्सिलोनाकर
नोकरीमुळे इथे राहतो, म्हणून लिहितो. दोघांचीही नजर शाळेवर आहे, भाषा हरते आहे ती रस्त्यावर. सरकारी पाहणीत, रोजच्या व्यवहाराची भाषा कातालान सांगणारे २००३ मध्ये ४६ टक्के होते, २०२३ मध्ये ३२.६. बोलता येतं म्हणणारे मात्र ८० टक्के. भाजीवालीशी मी कातालानमध्ये सुरुवात करतो, ती माझा चेहरा बघून स्पॅनिशमध्ये उत्तर देते. अगदी प्रेमाने, पाहुण्याची सोय म्हणून! मी पुन्हा कातालान, ती पुन्हा स्पॅनिश. मधल्या सुट्टीत पोरंही स्पॅनिशच बोलतात.

शब्दवेडी
म्हणजे चाळीस वर्षांच्या सक्तीने वापर वाढला नाही. मग ती कशासाठी? माझ्या मते राष्ट्र उभं करण्यासाठी. त्याचा राग डिसेंबर २०१७च्या निवडणुकीत दिसला. शाळेतल्या सक्तीला विरोध करत वाढलेला सिउदादानोस पक्ष ३६ जागा घेऊन पहिला आला.

आडवाट
पहिला आला, पण बहुमत स्पेनपासून वेगळं होऊ पाहणाऱ्या स्वातंत्र्यवाद्यांनाच मिळालं, तेही सांगा ना ताई.
आणि भाषा म्हणजे फुटीरपणा हे समीकरणच चुकीचं आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये कातालोनियाचे अध्यक्ष झालेले साल्वादोर इल्या समाजवादी, स्वातंत्र्याच्या विरोधातले. त्यांच्याच सरकारने भाषा धोरणाचं स्वतंत्र खातं काढलं. २००६ मध्ये अध्यक्ष झालेले होसे मोंतिया जन्माने दक्षिण स्पेनमधल्या आंदालुसियाचे. आंदालुसियात जन्मलेला माणूस कातालोनियाचा अध्यक्ष होतो, कारण इथे कातालान असणं रक्तावर ठरत नाही, भाषा शिकून होता येतं. ती वाट शाळेतून जाते. ती बंद केलीत तर उरेल फक्त आडनाव.

शब्दवेडी
इल्यांचा मुद्दा मान्य. पण एक विषय स्पॅनिशमधून शिकवल्याने कातालान मरते कशी, हे अजून कुणी सांगितलेलं नाही.

बार्सिलोनाकर
मध्यमवर्गीय कातालान घरात काही बिघडणार नाही. पण ज्या वस्त्यांत घर, मैदान, मोबाइल, दुकान सगळं स्पॅनिश, तिथे कातालान कानावर पडते ती फक्त वर्गात. तिथला प्रत्येक तास मोलाचा आहे. माझी मुलगी अशाच शाळेत आहे आणि तिच्या वर्गात घरी कातालान बोलणारं एकही मूल नाही.